चालकाच्या बाजूला दार नाही

११ जानेवारी

प्रिय बयो,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राचं एक बरं असतं, ते वाजत नाही. पत्ता तुझ्या मैत्रिणीनं दिला. "काकू, मी दिला असं सांगू नका हं," असं बजावून दिला आणि मी पहिल्याच परिच्छेदात तिला अडकवून मोकळी झाले. तिच्यावर रागावू नकोस. इकडूनतिकडून मिळवला असं ठोकून देता आलं असतं, पण सुरुवातच खोट्यानं करायची नव्हती.

तू परत ये, असं मी या पत्रात म्हणणार नाही. म्हणणार नाही असं लिहिलं म्हणजे म्हटल्यासारखंच झालं, कळतं मला. तरी राहू दे.

इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे नळ, दिवे, गॅस. कामावर जाते, येते. बाबांचा रेडिओ लागत नाही. तसाही तो त्यांच्याखेरीज कुणाचं ऐकत नसे.

आत्याचं बोलणं तुझ्या डोक्यातून जात नसणार. बाबा गेल्यानंतरच्या आठवड्यात ती बाहेरच्या खोलीत बसली होती, तू आत होतीस, आणि मध्ये फक्त पडदा. ती म्हणाली, "दाराशी ही बसलेली. त्याच्या बाजूला दारच नाही. ही वेळेवर हलली असती तर माझा भाऊ आज असता." मी म्हटलं, "ताई, काहीतरीच काय बोलता!" पण ते काही उत्तर नव्हतं. उत्तर मला माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी बॅग भरलेली होती.

त्या दिवशी मी तर पाण्याच्या पलीकडच्या काठावर होते. प्रदर्शनाच्या पाट्यांचं खोकं घेऊन पहिल्या फेरीबोटीनं पुढे गेले होते. मला दिसलं ते एवढंच: धक्क्याच्या उतारावर आपल्या संग्रहालयाच्या जुन्या गाड्या रांगेत उभ्या आहेत, मग त्या रांगेत एक गाडी नाही, आणि माणसं पाण्याकडे धावताहेत. गाडीत काय झालं ते एकट्या तुला ठाऊक आहे. पोलिसांना तू सांगितलंस, "गाडी घसरली. मी उतरले." मला तेवढंही सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर ते आत्यासारखंच वाटलं असतं.

आता संचालकांनी त्या गाडीची पाटी नव्यानं लिहायला सांगितली आहे. गाडी धुऊन, वाळवून परत आली आहे. मडगार्डला एक पोचा, बाकी काही नाही. ती दालनात ठेवल्यापासून लोक येतात आणि विचारतात, "हीच का ती? मग ड्रायव्हरला दार का नव्हतं?" संचालक म्हणाले, "बाई, एकदा नीट लिहून टाका, म्हणजे पहारेकऱ्याला दिवसभर तोंड वाजवायला नको." इतकी वर्षं या संग्रहालयातल्या गाड्या बाबांनी चालत्या ठेवल्या आणि त्यांच्यापुढच्या पाट्या मी लिहिल्या. ही पाटी मी लोकांसाठी लिहीन, पण आधी तुझ्यासाठी लिहिणार आहे. त्या बाजूला दार का नव्हतं ते मला नीट शोधायचं आहे, आणि दोष तुझा नव्हता हे सिद्ध करायचं आहे. निष्कर्ष आधी ठरवून शोध घ्यायला निघणं बरोबर नाही. पण या वेळी मी तसंच करणार.

तुझी,
आई


२ फेब्रुवारी

प्रिय बयो,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही. मी लिहीत राहते.

मी जुनी माहितीपत्रकं काढली, चित्रं काढली, आपल्या संग्रहातल्या त्या काळच्या सगळ्या गाड्यांभोवती फिरले. पानाला सोबत घेतलं. पाना आठवतो ना? बाबांच्या हाताखालचा मेकॅनिक. कानामागे सदैव पाना खोचलेला म्हणून हे नाव. हल्ली तो माझ्याशी फार कमी बोलतो. आधी वाटलं, दुःख. आता वाटतं, काहीतरी टाळतोय.

तर दार. पहिलं कारण साधं आहे. त्या गाडीत गिअरचा दांडा आणि हँडब्रेकचा दांडा, दोन्ही चालकाच्या उजव्या हाताला, अगदी कडेला. आजच्यासारखे मध्ये नाहीत. म्हणजे दार ज्या ठिकाणी उघडायचं, तिथं हे दोन लोखंडी सोटे उभे. दार दिलं असतं तरी त्यातून उतरणाऱ्याला त्यांच्यावर टांग टाकावी लागली असती. दुसरं म्हणजे स्टेपनी. ती ठेवायला मागे जागा नसायची, म्हणून त्याच बाजूला पायरीवर पट्ट्यानं आवळलेली. तिसरं, गाडीचा सांगाडा लाकडाचा. जितकी दारं जास्त, तितका सांगाडा खिळखिळा. खड्ड्यातून गेली की सगळी गाडी कुरकुरणार. मग एक दार वाचवलेलं बरं. आणि चौथं, उतरायचं ते फुटपाथच्या बाजूला. रस्त्याच्या बाजूला घोडे, बग्ग्या, चिखल, इतर गाड्या. तिकडे उतरून मरायचं कशाला, असा त्यांचा विचार. त्यांना ते दार नसणं सुरक्षित वाटायचं, बयो.

पण मला राग आला तो पुढच्या गोष्टीचा. दार नाही ते नाही, पण पत्र्यावर दाराची रेघ आहे. दुसऱ्या बाजूला खरं दार आहे, मग या बाजूला भिंत दिसली तर गाडी एका डोळ्यानं आंधळी दिसेल, म्हणून पत्रा ठोकून दाराचा आकार उठवलेला. बिजागऱ्यांसारखे दोन फुगवटेसुद्धा. मी त्यावरून बोट फिरवत होते, तेव्हा पाना म्हणाला, "मास्तर नव्या माणसाला सांगायचे, जा, त्या बाजूनं बस. तो बिचारा हँडल शोधत बसायचा आणि मास्तर हसून हसून लाल."

तुलाही फसवलं होतं त्यांनी. तू शाळेत होतीस, हँडल कुणी चोरलं म्हणून रडायला लागलीस. मग त्यांनी तुला बसण्याची रीत शिकवली: आधी चालक शिरणार, सरकत सरकत पलीकडे जाणार, मग दुसरा. उतरताना उलटं. ते म्हणायचे, "ही गाडी म्हणजे बरणी आहे. शेवटी भरलेलं आधी निघतं."

हे सगळं तुला सांगण्याचं कारण इतकंच, की तू त्या जागी बसलीस ती तुझ्या मनानं नाही. दाराशी कुणीतरी बसणारच होतं. ज्यानं तो सांगाडा घडवला त्यानं ते ठरवून टाकलं होतं, आणि तो माणूस आपण कुणी जन्मायच्या आधी मेला आहे. त्याच्यावर रागावायला हवं. मी प्रयत्न करते आहे. जमत नाही, त्याचा चेहरा माहीत नाही.

पाटी मात्र लिहून झाली. मोजून सहा ओळी. संचालकांनी वाचली आणि म्हणाले, "छान. अगदी तटस्थ."

तुझी,
आई


१९ फेब्रुवारी

प्रिय बयो,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमननं हातात दिलं आणि मी त्याच्यासमोरच उभ्या उभ्या वाचलं. मग त्याला विनाकारण पाणी विचारलं.

तुझं अक्षर पाहून जो आनंद झाला तो आधी सांगते, कारण कार्डावरच्या ओळीनं तो टिकू दिला नाही. तू एकच गोष्ट विचारली आहेस: "मी उतरल्यावर बाबांना बाहेर यायला जागा होती का?"

तू कशी आहेस, जेवतेस का, काम कसं चाललंय, काही नाही. नसू दे. हे विचारलंस ते बरं झालं. आत्याला तोंडभरून उत्तर द्यायचं असेल तर हाच प्रश्न आहे. मी आतापर्यंत दाराभोवती फिरत राहिले. तू नेमकं गाडीच्या आत शिरलीस.

कार्ड टेबलावर ठेवलं आहे आणि मला त्याची भीती वाटते. जागा नव्हती असं निघालं, तर तू दार उघडून उतरलीस आणि त्यामागे काहीतरी बंद झालं, असा अर्थ तू काढशील. गाडीचे कापडी पडदे, टप, कलंडलेली गाडी, सगळं त्यांच्या अंगावर आलं असेल आणि तू आधीच हलायला हवं होतंस, असं म्हणशील. जागा होती असं निघालं, तर दोष तुझ्याकडे उरतच नाही. म्हणजे मला एकच उत्तर हवं आहे. असं एकच उत्तर हवं असलेल्या माणसानं तपासणी करू नये. पण दुसरं आहे कोण?

मी संचालकांची परवानगी काढली आहे. सोमवारी संग्रहालय बंद असतं. पानाला सांगितलं तर तो म्हणाला, "बाई, कशाला? झालं ते झालं." मी म्हटलं, "मुलीनं विचारलंय." त्यावर त्यानं कानामागचा पाना काढून हातात घेतला. मग म्हणाला, "तिनं विचारलं?" आणि पुन्हा म्हणाला, "तिनं?" त्याला एवढं नवल कशाचं वाटलं कळलं नाही.

जे निघेल ते तुला जसंच्या तसं कळवीन. वचन देते.

तुझी,
आई


८ मार्च

प्रिय बयो,

पत्राला उशीर झाला. कामं होती.

जागा होती की नव्हती हे इतक्या दिवसांनी नेमकं सांगणं अवघड आहे. गाडी पाण्यात होती तेव्हाची गोष्ट वेगळी आणि दालनात उभी असतानाची वेगळी. त्या दृष्टीनं पाहता बऱ्याच बाबी आहेत.

दारांचा विषय निघालाच आहे तर तुला दुसऱ्या एक-दोन गाड्यांचं सांगते. कोपऱ्यातली ती बुटकी लाल गाडी आहे ना, तिच्या मागच्या बैठकीला बाजूला दारच नाही. दार थेट पाठीमागे, मधोमध, जणू कपाट. कारण गाडी इतकी आखूड, की बाजूची सगळी जागा मागच्या चाकानं आणि साखळीनं खाल्लेली. मग बायामाणसं उतरायची ती भर रस्त्यात, चिखलात. त्यावर उपाय म्हणून चालक गाडी उलटी आणून तिचं बूड फुटपाथला लावायचा. आपल्याला हसू येतं, पण त्यांना त्यात काही चमत्कारिक वाटत नसे.

आणि काळी मोठी गाडी, जिची मागची दारं उलटी उघडतात, बिजागऱ्या मागच्या अंगाला. ते बग्गीकडून आलेलं. रुंद घेराचे कपडे घातलेल्या बाईला पाठ वाकवून, वळून उतरावं लागू नये. दार उघडलं की तिनं सरळ पुढे पाऊल टाकावं. नोकर दार धरून उभा राहतो तोही तिच्या वाटेत येत नाही. दिसायला फार डौलदार. पण चालत्या गाडीत कडी निसटली की वारा ते दार अख्खं ओढून उघडतो. डौलाची किंमत कुणाच्या लक्षात आली नाही असं नाही. लक्षात आली, तरी बरीच वर्षं तशीच दारं बनत राहिली. माणसाला एखादी वस्तू आवडली, की तिच्यातला धोका त्याला तिचा स्वभाव वाटायला लागतो.

इकडे हवा कोरडी आहे. आत्या येऊन गेली. तिची कंबर धरली आहे.

बाकी काही विशेष नाही.

आई


१४ मार्च

बयो,

मागचं पत्र फाडून टाक. ते पत्र नव्हतं, मी वेळ काढत होते. वचन दिलं होतं आणि तुझ्यापुढे लाल गाडी नि काळी गाडी नाचवली. पेटीत टाकल्यापासून मला स्वतःची लाज वाटते आहे.

सोमवारी काय झालं ते सांगते.

मी बाबांच्या जागी बसले, पाना तुझ्या जागी. मी 'उतर' म्हटलं की तो दार उघडून उतरायचा आणि मी सरकत त्याच्या मागून. माझे गुडघे कसे आहेत तुला माहीत आहे. मी निघाले, सहज. मग त्या दिवसासारखा टप चढवला, वाऱ्यासाठी लावले होते तसे बाजूचे कापडी पडदे बटणांनी लावले. निघाले. मग पानानं मागची चाकं ठोकळ्यांवर चढवली, म्हणजे गाडी उतारावर असल्यासारखी पुढे झुकली. थोडं कण्हले, पण निघाले. तू उतरलीस तेव्हा तुझी जागा रिकामी होती, दार उघडं होतं, आणि ज्यांनी मागून पाहिलं ते सगळे म्हणतात, गाडी धावली नाही, शेवाळावरून घसरत घसरत गेली. उतार लांब आहे. जागा होती, बयो. वेळही होता. तुझ्या बाबांचे गुडघे माझ्यापेक्षा धड होते.

मला इथंच थांबता आलं असतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथं संपतं, आणि तू सुटतेस. पण मी गाडीतून उतरले आणि पानाला म्हटलं, "मग ते का नाही निघाले?"

पाना हात पुसत राहिला. हात आधीच स्वच्छ होते.

मी म्हटलं, "सांग."

"बाई, तुम्ही घरी जा."

"पाना, मी तुझ्या मास्तरांची बायको आहे. मला घरी पाठवू नकोस."

तेव्हा त्यानं सांगितलं. गाडी वर काढली तेव्हा हँडब्रेकचा दांडा त्याच्या दातेरी पट्टीच्या शेवटच्या दातात अडकला होता. रांगेत उभी असताना लावतो तसा नाही, पार शेवटच्या. एका हातानं तो तिथवर जात नाही. पानानं मला करून दाखवलं: दोन्ही हात दांड्यावर, पाय समोरच्या फळीला रोवलेले, सगळं अंग मागे टाकलेलं. त्याला तो हातोडीनं सोडवावा लागला. आणि पाण्यात बुडी मारून ज्यानं बाबांना बाहेर काढलं, त्यानं पानाला सांगितलं होतं की आधी त्यांचे हात दांड्यावरून सोडवावे लागले.

तो ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. पुढे झुकलेल्या गाडीच्या मागच्या चाकांवर भारच नसतो. शेवाळावर तो लावणं नि न लावणं सारखंच. हे त्यांना माहीत नव्हतं का? तेच शिकवायचे सगळ्यांना, "हा ब्रेक गाडी थांबवायला नाही, थांबलेली गाडी थांबवून ठेवायला आहे." माझ्या डायरीत त्यांचं हे वाक्य आहे, मला तेव्हा आवडलं म्हणून लिहून ठेवलेलं.

म्हणजे तू वाटेत नव्हतीस. वाट मोकळी होती आणि ते आले नाहीत. पलीकडच्या काठावर मी होते, उतारावर तू पडली होतीस, कोपर सोलवटून, आणि त्यांनी गाडी धरून ठेवली. एक मडगार्डला पोचा आलेली गाडी.

मी तुला दोषातून सोडवायला निघाले होते आणि सोडवलं. मला आनंद व्हायला हवा. मी कामावर जाते तेव्हा त्या दालनातून न जाता मागच्या जिन्यानं जाते. लग्न झाल्यापासून मी त्यांना "तुम्हाला माझ्यापेक्षा गाड्या प्याऱ्या" असं चेष्टेत म्हणत आले. ते म्हणायचे, "छे, गाड्या बोलत नाहीत, तेवढाच फरक." सगळे हसायचो. मी सगळ्यांत जास्त.

आत्याला मी हे सांगणार आहे. तोंडावर सांगणार आहे. तू आता ये.

आई


३० मार्च

प्रिय बयो,

फोनवर सगळं बोलून झालं, तरी लिहिते. फोनवर मी नुसती ऐकत होते आणि तुला वाटलं असेल, आईकडे काही बोलायला नाही. ते खरंही आहे.

तू पहिलं वाक्य काय बोललीस! इतक्या दिवसांनी तुझा आवाज, आणि, "आई, तू ते का शोधलंस?"

"तू विचारलंस म्हणून."

"मला 'नव्हती' एवढंच उत्तर हवं होतं गं."

मी म्हटलं, "अगं, पण जागा नव्हती म्हटलं तर दोष तुझ्यावर आला असता."

"येऊ दे की. आला होताच. तो माझ्यावर होता तोवर बाबांवर जात नव्हता."

मग तू सांगितलंस. गाडी हलली तेव्हा बाबा 'उतर' म्हणाले, ओरडले नाहीत, एखाद्या स्टॉपवर सांगावं तसं. तू दार उघडलंस, पायरीवर पाय ठेवलास आणि वळून म्हणालीस, "बाबा, चला ना." ते तुझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. म्हणाले, "तू हो पुढे. हिला अशी कशी सोडू?"

तुला पोलिसांना दोन वाक्यं सांगता आली कारण तिसरं सांगायचं नव्हतं. आत्या बोलली तेव्हा तुला बरंच वाटलं. घरातून गेलीस ती आत्याच्या शब्दांमुळे नाही, माझ्यामुळे. माझ्यासमोर राहिलीस तर एक दिवस मी विचारीन, आणि मी विचारलं की तुला खोटं बोलता येणार नाही, ही भीती. माझीच मुलगी. तू म्हणालीस, "तुला कळलं असतं तर तू डायरीत लिहिलं असतंस आणि रोज काढून वाचलं असतंस." मला हसू आलं. फोनवर ते रडण्यासारखं ऐकू गेलं असेल, दोन्ही होतं.

आणि ते कार्ड. तुला वाटत होतं, मी कधीतरी लिहीन की नाही बयो, ते निघूच शकले नसते, दांडे होते, पडदे होते, वाट नव्हती. मग ते वाक्य त्यांनी म्हटलं तरी काय झालं, निघायचं म्हटलं असतं तरी अडकलेच असते. तेवढ्यावर तुला त्यांना परत मिळवायचं होतं. आणि मी गुडघे धरून त्या गाडीतून पुन्हा पुन्हा बाहेर आले, आणि प्रत्येक वेळी त्यांना तुझ्यापासून थोडं थोडं काढून घेत गेले. लाल गाडीचं पत्र पाठवून थांबले असते तर? तू म्हणालीस, "ते पत्र आलं तेव्हाच मला कळलं होतं." म्हणजे खोटंही मला धड जमलं नाही.

मी त्यांच्यावर रागावले आहे. तू म्हणालीस, तू रागावू शकत नाहीस, कारण त्यांचा तो चेहरा तू पाहिला आहेस. तो कसा होता ते तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. तू इतक्यात येणार नाहीस, हेही मी ऐकून घेतलं. या घरात आपण दोघी समोरासमोर बसलो तर तिसरं कुणी बोलायला हवं, आणि तेच नाही.

फोन ठेवताना तू एक मागितलंस: आत्याला सांगू नकोस. "तिला एकच भाऊ होता, आई. तिनं त्याला कडेवर घेऊन वाढवलं. तो निघू शकत असून निघाला नाही, हे तिला कळलं तर ती काय करील? तिला माझ्यावरच रागावू दे." मी म्हटलं, "हे मला जमायचं नाही." तू म्हणालीस, "जमव."

काल आत्या आली. काठी टेकत जिना चढून आली, धाप लागलेली. मी चहा ठेवला. तिनं बाबांच्या खुर्चीकडे पाहिलं आणि दुसऱ्या खुर्चीवर बसली. बराच वेळ कंबरेबद्दल बोलली, डॉक्टरबद्दल बोलली, "तो मेला तपासतो कमी आणि बोलतो जास्त," म्हणाली. मग कप खाली ठेवून म्हणाली, "अगं, मी फार विचार केला. त्या दिवशी मी जास्तच बोलले. पोर कोवळी आहे, घाबरली असणार, घाबरलेलं माणूस आधी स्वतःला वाचवतं. चुकली, पण चुकणारच ना? किती दिवस मनात धरू मी? माझ्या भावाचंच रक्त आहे. तिला कळव, म्हणावं, आत्यानं माफ केलं तुला."

माझ्या जिभेवर सगळं होतं, बयो. उतार, शेवटचा दात, ते हात, तुझं "चला ना". ती माझ्याकडे बघत होती, डोळे भरलेले, आणि एवढं मोठं काही देऊन टाकल्यावर माणूस जसं हलकं दिसतं तशी हलकी दिसत होती.

मी म्हटलं, "कळवते, ताई."

तर कळवते आहे. आत्यानं तुला माफ केलं आहे.

तुझी,
आई